हॉलंडच्या नद्यांवर सायकल आणि बार्जचा एक आठवडा: सगळे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी उट्रेख्तजवळ राहते, त्यामुळे पुण्या-नाशिकहून कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात या ट्रिपबद्दल विचारतंच. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र टाकतेय. हॉलंड बघायला चार दिवस अ‍ॅमस्टरडॅम आणि एक दिवस ट्युलिप असं करून परत जाणाऱ्यांनी खरंतर हा देश बघितलेलाच नसतो असं माझं स्पष्ट मत आहे, हा देश नद्यांनी बनवलाय आणि तो नदीकाठच्या बांधावरून सायकलच्या वेगानेच कळतो.

हे नक्की असतं काय?

पूर्वी मालवाहतूक करणाऱ्या लांबट सपाट बोटी, म्हणजे बार्ज, त्यांच्यात खोल्या काढून छोटं तरंगतं हॉटेल केलेलं असतं. सकाळी नाश्ता करून तुम्ही सायकलवर निघायचं, बोट पाण्याने पुढे जाते, आणि संध्याकाळी पुढच्या गावच्या धक्क्यावर ती तुमची वाट बघत उभी असते. बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलणं नाही, सामान उचलणं नाही. बहुतेक ट्रिपा शनिवार ते शनिवार असतात. बोटीवर वीस-तीस लोक असतात, मोठ्या बोटींवर जास्त. काहींमध्ये गाईड सोबत सायकल चालवतो, काहींमध्ये नकाशा आणि जीपीएस देऊन तुम्हाला मोकळं सोडतात.

कुठला रूट घ्यावा? वेबसाइटवर दहा प्रकार दिसतात.

पहिल्यांदा येत असाल तर अ‍ॅमस्टरडॅमहून निघून लेक नदीवरून गौडामार्गे परत येणारा दक्षिणेचा गोल रूट घ्या. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं पण गावं थोड्याफार फरकाने तीच.

सुरुवातीला फेख्त नावाची छोटी वळणावळणाची नदी लागते. तिच्या काठावर अ‍ॅमस्टरडॅमच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांनी बांधलेले बंगले आणि बागा आहेत, आणि त्यातला बराच पैसा पूर्वेच्या व्यापारातून आलेला, म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याला ज्या डच वखारीचे अवशेष आहेत त्याच व्यापारातला. ते बंगले बघताना मला हे दर वेळी आठवतं आणि आठवायलाच हवं असं वाटतं. मग उट्रेख्त, तिथला डोम टॉवर ११२ मीटरचा आहे आणि कालव्याच्या पाण्यालगत खाली तळघरं आहेत, पूर्वी बोटीतला माल थेट आत जायचा, आता तिथे कॅफे आहेत.

उट्रेख्तच्या खाली लेक सुरू होते. मोठी, रुंद, शांत नदी. वाइक बाय ड्यूरस्टेडेला एक पवनचक्की अशी आहे की तिच्या पोटातून रस्ता जातो, तुम्ही सायकलवर खालून आरपार जाता. पुढे क्यूलेमबोर्ख, व्हियानेन, मग चांदीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेलं स्खोनहोवन. त्यानंतर किंडरडाइक, एकोणीस पवनचक्क्या एका ठिकाणी, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. यातल्या बऱ्याच चक्क्या १७४० च्या आसपासच्या आहेत आणि त्या पीठ दळायला नाहीत, शेतातलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकायला होत्या. अजूनही त्यांच्यात कुटुंबं राहतात, बाहेर कपडे वाळत घातलेले दिसतात, तेव्हा कुंपणाच्या आत जाऊन फोटो काढू नका प्लीज. दिवसा टुरिस्ट बसेस येतात, पण तुमची बोट जवळच मुक्कामाला असेल तर संध्याकाळी सातनंतर परत एक चक्कर मारा, गर्दी गेलेली असते आणि उजेड भरपूर असतो.

मग डॉर्ड्रेख्त, तीन नद्या मिळतात तिथलं जुनं बंदर, आणि शेवटी गौडा. गौडाचा चीज बाजार एप्रिल ते ऑगस्ट गुरुवारी सकाळी असतो, तुमचा गौडाचा दिवस कधी येतो ते बुकिंगच्या वेळी विचारून ठेवा. बाजार हुकला तरी तिथलं सिंट यान चर्च सोडू नका, १२३ मीटर लांब आहे आणि त्याच्या रंगीत काचेच्या खिडक्या सोळाव्या शतकातल्या आहेत, दुसऱ्या महायुद्धात काढून लपवल्या म्हणून वाचल्या.

दुसऱ्यांदा येणाऱ्यांनी, किंवा ज्यांना कमी टुरिस्ट हवेत त्यांनी, पूर्वेकडे आयसेल नदी घ्यावी: झुटफेन, डेव्हेंटर, हाटेम, काम्पेन. मला स्वतःला ती जास्त आवडते पण पहिल्या ट्रिपला किंडरडाइक सोडा असं मी कोणाला सांगणार नाही.

रोज किती किलोमीटर? शाळा सुटल्यापासून सायकल चालवली नाही, जमेल का?

रोज साधारण ३० ते ५० किलोमीटर, पण दिवसभरात विभागलेले, मध्ये कॉफी, जेवण, किल्ला, फेरीबोट. चढ जवळजवळ नाहीच, बांधावर चढायचं आणि उतरायचं तेवढंच. साठीतली कितीतरी मंडळी आरामात करतात. मात्र सरावाशिवाय येऊ नका. निघायच्या आधी दोन महिने आठवड्यातून तीन वेळा तासभर चालवा, पायांपेक्षा बसायच्या जागेला सवय लागणं जास्त महत्त्वाचं आहे, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांची तक्रार तीच असते. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी भारतातूनच घेऊन या.

आणि ज्यांना सायकलवरून मागे वळून बघता येत नाही, एका हाताने इशारा करता येत नाही, त्यांनी आधी ते शिकावं. तोल सांभाळता येतो म्हणजे सायकल येते असं नाही, इथे रहदारीत चालवायचीय.

ई-बाइक घेतली तर ती चीटिंग नाही का?

नाही. इथले आजी-आजोबा रोज ई-बाइकवर फिरतात. पायडल मारावंच लागतं, मोटर फक्त ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करते. समोरून वारा आला की तिची किंमत कळते. नवरा-बायकोत एकाचा दम जास्त आणि एकाचा कमी असेल तर कमी वाल्याने ई-बाइक घ्यावी, दोघं बरोबर चालतात आणि भांडणं होत नाहीत. बोटीवर चार्जिंगची सोय मर्यादित असते म्हणून ई-बाइक संख्येनेच कमी असतात, बुकिंगच्या दिवशीच सांगा, नंतर मिळत नाहीत.

माझी उंची पाच फूट आहे. डच सायकली फार उंच असतात म्हणे?

असतात. हा प्रश्न आपल्याकडच्या बायकांनी लाजून न विचारता सोडून देऊ नये. बुकिंग फॉर्ममध्ये उंची सेंटीमीटरमध्ये लिहा, शिवाय पायाची आतली लांबी मोजून लिहा, आणि मधला दांडा नसलेली फ्रेम मागा. पहिल्या दिवशी सायकल मिळाली की सीट खाली करून घ्या, थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. पटत नसेल तर तिथल्या तिथे बदलून मागा, दुसऱ्या दिवशी गावाबाहेर गेल्यावर काही होत नाही.

अजून एक. बऱ्याच सायकलींना पायडल उलटं मारलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर किंवा सिग्नलला पायडल मागे फिरवायची सवय असते, तसं केलं की सायकल गचकन थांबते आणि मागचा येऊन धडकतो. धक्क्यावर मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटं याचाच सराव करा. हँडब्रेकवाली हवी असेल तर आधी सांगा.

रहदारीचे नियम कुठले लक्षात ठेवायचे?

सगळ्यात पहिला, उजवीकडून चालवायचं. डोक्याने माहिती असतं, पण सकाळी निघताना, फेरीतून उतरताना आणि कॅफेतून बाहेर पडताना शरीर आपोआप डावीकडे जातं. त्या तीन वेळा मनाशी मोठ्याने म्हणा, उजवीकडे.

निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर तो सायकल ट्रॅक आणि त्यावरच चालवायचं. रस्त्यावर पांढरे त्रिकोण काढलेले असतात, त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गाडी असो की दुसरी सायकल. वळताना हात दाखवायचा. इथे घंटी फार वाजवत नाहीत पण मागून वाजली तर लगेच उजवीकडे सरका, रागावू नका.

मोबाइल हातात धरून सायकल चालवणं १ जुलै २०१९ पासून बेकायदा आहे, दंड होतो. फोटो काढायचाय तर बाजूला थांबून उतरा, ट्रॅकच्या मधोमध थांबू नका. आपले ग्रुप नेमकं हेच करतात, दहा जण शेजारी शेजारी थांबून ग्रुप फोटो, आणि मागून शाळेतून घरी चाललेली मुलं येत असतात.

हेल्मेट सक्तीचं नाही, इथले लोक घालत नाहीत. तुम्ही घाला. इथली माणसं तीन-चार वर्षांची असल्यापासून चालवतात, आपण नाही.

ट्रॅकच्या मधोमध गाड्या येऊ नयेत म्हणून छोटे खांब रोवलेले असतात, ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागे मागे जाताना ते शेवटच्या क्षणी दिसतात, म्हणून पुढच्याने ओरडून सांगायचं. आणि रविवारी सकाळी बांधांवर रेसिंग सायकलवाल्यांचे जथे आणि मोटरसायकली दोन्ही असतात, तेव्हा एका रांगेत चला.

रस्ता चुकलो तर?

फार चुकताच येत नाही. देशभर सायकलच्या चौकांना नंबर दिलेत, पांढऱ्या पाटीवर हिरव्या रंगात. आजचा मार्ग म्हणजे नंबरांची यादी, समजा ३४, ३५, ७२, १८, ती चिठ्ठीवर लिहून हँडलला लावायची आणि पाट्यांचे बाण बघत जायचं. बऱ्याच चौकांत नकाशाचा मोठा बोर्ड पण असतो. मला ही पद्धत जीपीएसपेक्षा आवडते कारण डोळे स्क्रीनवर नसतात. आणि रस्ता विचारायला लाजू नका, खेड्यातसुद्धा बहुतेकांना इंग्रजी येतं.

नदी ओलांडायची कशी? पूल दूर दूर दिसतात नकाशावर.

फेरीने. गोव्यात फेरीबोट असते तशीच, फक्त लहान, आणि सायकलवाल्यांना पहिला मान. नदीकाठी दर काही किलोमीटरवर एक असते, तिकीट युरो-दोन युरोच्या आसपास. स्खोनहोवन, क्यूलेमबोर्ख, वाइक बाय ड्यूरस्टेडे सगळीकडे आहेत. काही छोट्या फेऱ्या फक्त सीझनमध्ये आणि ठराविक वेळांनाच चालतात, शेवटची किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा.

वाल आणि मास या नद्या जिथे जवळ येतात तिथल्या लूवेस्टाइन किल्ल्याला फेरीने जाता येतं. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस तिथे जन्मठेप भोगत होता आणि १६२१ साली बायकोच्या युक्तीने पुस्तकांच्या पेटीत लपून पळाला. पहारेकऱ्यांनी स्वतःच ती पेटी उचलून बाहेर नेली. तुमच्या रूटमध्ये खोरिंखेम किंवा वाउड्रिखेम असेल तर एक दुपार याला द्या.

सगळा देश समुद्राच्या खाली म्हणतात, मग या नद्यांना पूर येत नाही का?

हा प्रश्न सांगली-कोल्हापूरची मंडळी हमखास विचारतात आणि मला तो सगळ्यात आवडतो.

सगळा नाही, साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. गौडाजवळच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीत, देशातली सगळ्यात खोल जमीन आहे, ६.७६ मीटर खाली. ऱ्हाइन जर्मनीतून लोबिथला आत येते आणि थोड्याच अंतरावर फुटते, दोन तृतीयांशच्या आसपास पाणी वाल नदीत जातं, उरलेलं नेडरराइन आणि आयसेलमध्ये. हीच नेडरराइन वाइक बाय ड्यूरस्टेडेनंतर लेक होते. ड्रील या गावी नदीवर मोठे दरवाजे आहेत, ते खाली केले की पाणी उत्तरेला आयसेलकडे वळतं. इथले लोक त्याला देशाचा नळ म्हणतात. तसेच दरवाजे लेकवर हागेस्टाइनला आहेत आणि ते तुम्ही सायकलवरून बघू शकता.

पूर येतो. १९९५ च्या हिवाळ्यात पाणी एवढं चढलं की अडीच लाख माणसं आणि गुरंढोरं घरातून हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण फुटले असते तर काय या भीतीने सगळा विचार बदलला. शेकडो वर्षं फक्त बांध उंच करत आले होते, त्यानंतर उलटं ठरवलं की नदीला जागा द्यायची. तीसेक ठिकाणी बांध मागे सरकवले, नदीकाठची जमीन खोल केली, बाजूचे प्रवाह खोदले. नायमेखेन शहरासमोर बांध सुमारे ३५० मीटर मागे नेला, वालला दुसरं पात्र करून दिलं, त्यासाठी पन्नासएक घरं पाडावी लागली. लोकांनी विरोध केला, वर्षानुवर्षं चर्चा झाली, तोडगे निघाले. आज त्या नव्या पात्रात मुलं पोहतात.

म्हणून बांधावरून सायकल चालवताना नदीच्या बाजूला नीट बघा. बांध आणि पाण्याच्या मध्ये रुंद गवताळ पट्टा दिसेल, गायी चरत असतील, बगळे आणि रानबदकं असतील, पण घर क्वचित, आणि असलं तर उंचवट्यावर. तो पट्टा नदीचा आहे. हिवाळ्यात पाणी बांधापर्यंत येतं आणि त्याचं कोणाला आश्चर्य वाटत नाही. २०१९ ला कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, निळी रेषा लाल रेषा यावरचे वाद ज्यांनी बघितलेत, त्यांनी हे जरूर बघावं. आपला पाऊस, आपली लोकसंख्या, आपली धरणं सगळं वेगळं आहे, इथलं उचलून तिथे ठेवता येणार नाही हे मला मान्य आहे. पण नदीची जागा मोकळी ठेवण्यासाठी घरं हलवायची वेळ आली तरी समोरासमोर बसून ते करता येतं हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

बोटीतली खोली कशी असते?

छोटी. दोन पलंग, कधी कधी वर-खाली, छोटं कपाट, स्वतंत्र शॉवर-संडास बहुतेक बोटींवर असतो पण खात्री करून घ्या. मोठी कडक बॅग पलंगाखाली जात नाही, मऊ डफल बॅग आणा. झोपेच्या बाबतीत सांगायचं तर इंजिन जवळच्या खोलीत सकाळी आवाज येतो, हलकी झोप असेल तर पुढची खोली मागा. रात्री बोट धक्क्यालाच असते.

बोट लागते का? मला पोहता येत नाही.

नद्या आणि कालवे आहेत, समुद्र नाही, बोट हलतेय हे कळतही नाही. पोहता आलं नाही तरी चालतं, फक्त बोटीत चढायच्या फळीवर घाई करू नका, पावसात ती निसरडी होते.

शाकाहारी जेवणाचं काय? आमच्यात दोघं कांदा-लसूण पण खात नाहीत.

शाकाहारी अजिबात अडचण नाही, आधी लिहून कळवा. सकाळी ब्रेड, चीज, अंडी, फळं, दही, आणि त्याच टेबलवरून दुपारचं सँडविच स्वतः बांधून घ्यायचं. डच माणूस दुपारी गरम जेवतच नाही, याची मानसिक तयारी ठेवा. रात्री तीन कोर्सचं गरम जेवण.

खाचाखोचा सांगते. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं, मोहरीच्या सूपमध्ये पण बऱ्याचदा असतं, क्रोकेट आत मांसाचे असतात. कासूफ्ले म्हणजे चीजचा तळलेला प्रकार, तो चालतो. पारंपरिक गौडा चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, कडक शाकाहारी असाल तर दुकानात विचारा, शाकाहारी रेनेटचं मिळतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी खरं सांगायचं तर कंपनीशी आधी ईमेलवर बोलून लेखी होकार घ्यावा, एकच कुक सगळ्यांचं करतो. संपूर्ण बोट आपल्याच ग्रुपने घेतली तर हे सोपं होतं.

घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, खाकरे आणा. पेढे, बर्फी, तूप आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खोलीत इंडक्शन किंवा केटल लावायची नाही, बोटीवर आगीची मोठी भीती असते. आणि उट्रेख्तला किंवा अ‍ॅमस्टरडॅमला सुरिनामी दुकानातली रोटी खाच, सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. १८७३ पासून भोजपुरी मुलखातून सुरिनामला गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावरच्या मजुरांच्या, पुढच्या पिढ्या इथे आल्या, त्यांची ती रोटी-भाजी, चौथ्या दिवशी ब्रेडला कंटाळलेल्या माणसाला फार बरं वाटतं.

केव्हा यावं? ट्युलिप दिसतील का?

मे अखेर ते जून मध्य, किंवा सप्टेंबरचा पहिला अर्धा. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्ट गर्दी आणि महाग.

ट्युलिप एप्रिल मध्य ते मेच्या सुरुवातीपर्यंत आणि ती शेतं समुद्राजवळ लिसेच्या बाजूला, नद्यांच्या रूटवर नाहीत. एप्रिलमध्ये थंडी असते, हात गारठतात. पण एप्रिलच्या उत्तरार्धात लिंगे नदीकाठी सफरचंद, नाशपातीच्या बागा फुललेल्या असतात, ते ट्युलिपइतकंच सुंदर आहे आणि तिकीट नाही.

पाऊस आणि वारा?

दोन्ही असणार. आपल्यासारखा चार महिने कोसळणारा नाही, सर येते आणि जाते. ब्वायेनराडार नावाचं अ‍ॅप घ्या, पुढच्या दोन तासांत तुमच्या डोक्यावर ढग येतोय का ते दाखवतं, वीस मिनिटं कॅफेत थांबलं की काम होतं. छत्री नको, जाकीट आणि वरची पँट दोन्ही वॉटरप्रूफ हवं. वारा बहुतेक नैऋत्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना समोरून आणि परतताना पाठीवर. समोरचा वारा असेल त्या दिवशी दोघा-चौघांनी एकामागे एक चालायचं आणि पुढचा बदलत राहायचं.

एखाद्या दिवशी सायकल नको वाटली तर?

बोटीवर बसून या. पाय वर करून डेकवर बसायचं, लॉकगेटमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाज्यांच्या मध्ये, बोट वर-खाली होताना बघायची, मोठी मालवाहू जहाजं शेजारून जातात. मी तर म्हणते एक दिवस मुद्दाम असाच ठेवा. जोडीदार अजिबात सायकल चालवत नसेल तरी ही ट्रिप करता येते, फक्त आधी विचारा.

सायकल चोरीला जाते का?

जाते, शहरात नक्की. मागच्या चाकाचं कुलूप आणि साखळी दोन्ही लावा आणि साखळी खांबाला अडकवा. उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा पार्किंग तळ आहे, जगातला सगळ्यात मोठा, पहिले चोवीस तास फुकट, तिथेच ठेवा, आणि तो बघण्यासारखा पण आहे. आपली सायकल कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो मात्र काढून ठेवा.

खर्च किती, व्हिसा कसा?

बोट, खोली, जेवण धरून माणशी साधारण हजार ते सोळाशे युरो, बोट आणि सीझनप्रमाणे. सायकलभाडं कधी त्यात, कधी वेगळं. पेयं आणि म्युझियमची तिकिटं वेगळी. एकट्याने खोली घेतली तर जास्त.

शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्यांसाठी फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागतो म्हणून बोट बुक केली की लगेच त्याच्या मागे लागा. बोटीच्या कन्फर्मेशनवर सगळ्या रात्रींच्या तारखा आणि तुमची पासपोर्टवरची नावं असू द्या, तोच तुमचा राहण्याचा पुरावा.

मुलांना आणता येईल का?

बारा वर्षांवरची, सायकल नीट चालवणारी मुलं खूश असतात. लहान मुलांसाठी काही कंपन्या शाळांच्या सुट्टीत फॅमिली ट्रिप काढतात, त्यात अंतर कमी असतं.

आधी-नंतर किती दिवस ठेवू? पॅरिस पण करायचंय.

आधी एक पूर्ण दिवस तरी ठेवा. मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरायचं आणि दुपारी अनोळखी सायकलवर उलट्या बाजूच्या रहदारीत शिरायचं हे धोक्याचं आहे, मग ती थोडीशी ओळख करून देणारी राइड असली तरी. बोटीत चढायची वेळ बहुतेक दुपारची असते, म्हणून शुक्रवारी या, झोपा, शनिवारी जा. स्किपोल विमानतळावरून अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रलला ट्रेनने पाव तास लागतो, वेगळं तिकीट काढायची गरज नाही, आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना मशीनला लावायचं, दोन्ही वेळा तेच कार्ड. बोट नेमकी कुठल्या धक्क्याला आहे ते पत्रात दिलेलं असतं आणि कधी कधी शेवटच्या आठवड्यात बदलतं, तो ईमेल निघायच्या आदल्या दिवशी परत उघडून बघा. पॅरिस करायचं तर ट्रिपनंतर करा, ट्रेन थेट आहे, पण त्यासाठी बोटीचा आठवडा चार दिवसांवर आणू नका.